मिरीची जात

गयाबाईंना समुद्र बघायचा होता, आणि तो मिरीला सोबत घेऊनच बघायचा होता. या वाक्यात वरवर पाहता अवघड असं काहीच नाही. मृणाललाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

गयाबाई म्हणजे मृणालच्या सासूबाई. नागपूरला इंदोऱ्यात त्या महिला मंडळ चालवायच्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर लीड्सला मुलाकडे आल्या होत्या आणि आता परतीचं विमान जवळ आलं होतं. सगळा जन्म देशाच्या बरोबर मधोमध गेलेला, जिथून कुठलाही समुद्र सारखाच लांब. येताना विमानातून दिसेल म्हणून हट्टानं खिडकीची जागा घेतली, तर नेमका विमानाचा पंख आडवा आला.

"हा देश बेटावर आहे म्हणता ना तुम्ही?" एका रविवारी त्यांनी विचारलं. "मंग समुद्र कुठी आहे? मले त नुसते दुकानंच दाखवून राहिले."

मिरी ही घरातली कुत्री. काळी, झिपरी, एक कान उभा आणि एक पडलेला. बेवारशी प्राण्यांच्या केंद्रातून तिला आणलं तेव्हा मृणालच्या दहा वर्षांच्या लेकीनं, कस्तुरीनं, तिचं नाव 'पेपर' ठेवलं होतं. गयाबाई आल्या आणि म्हणाल्या, "पेपर त वाचाचा असते. काळी आहे त मिरी म्हणा." सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की घरात या दोघीच उरत. गयाबाई दिवसभर बोलत आणि मिरी ऐकून घेई. उन्हाळा संपेपर्यंत मिरी अशी झाली, की इंग्रजीत काही सांगितलं तर ती खिडकीबाहेर बघे, आणि "बस वं" म्हटलं की बसे. तिला दोन दिवस कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवू, असं इंद्रजितनं आईला सुचवून पाहिलं.

"साऱ्या मुक्कामात जिनं मले सोबत केली, तिले कोंडून मी समुद्र पाहू?" गयाबाई म्हणाल्या. विषय संपला.

कुत्रीसकट राहायचं तर हॉटेलं बाद. इथे उल्हास येतो. उल्हास पुण्याचा, चार घरं पलीकडे राहायचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. सल्ला मागावा लागत नसे. पहिल्या भेटीत त्यानं इंद्रजितला आडनाव विचारलं होतं. आडनावावरून अंदाज येईना म्हणून मूळ गाव विचारलं, मग नागपुरात नेमकं कुठे ते विचारलं, आणि शेवटी, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो? "आमच्याकडे नसतो," इंद्रजित शांतपणे म्हणाला होता. "आम्ही बौद्ध." त्यावर उल्हास "अच्छा अच्छा, छान छान" असं दोन-दोनदा म्हणाला, आणि तेव्हापासून इतक्या जोरात मैत्री करू लागला की कधीकधी जरा दमायला व्हायचं. पण माणूस मनानं चांगला. शिवाय त्याच्याकडे कॅम्परव्हॅन होती.

ही व्हॅन त्यानं इंटरनेटच्या लिलावात, नक्की कुठल्या भरात ते त्यालाही आठवत नाही, विकत घेतली होती. चालतं घर: झोपायचे बाक, शेगडी, इवलंसं बेसिन. ती घेऊन कुठे जाणं कधी झालंच नाही, तेव्हा त्याच्या बायकोनं, सुप्रभानं, तिचं कोठीघर करून टाकलं. त्यामुळे व्हॅनला मेतकुटाचा कायमचा वास होता.

"बिनधास्त घेऊन जा रे," उल्हास किल्ली देत म्हणाला. "कॅम्परव्हॅन म्हणजे फ्रीडम! वाटेल तिथे थांबायचं!"

वाटेल तिथे थांबता येत नाही, हे मृणालला लगेच कळलं. समुद्राच्या कडेला अशा गाड्यांसाठी पार्कं आहेत, तिथे आधी जागा घ्यावी लागते. आणि प्रत्येक पार्काचे कुत्र्यांबद्दलचे नियम वेगळे. ती रोज संध्याकाळी ते वाचत बसे. एका ठिकाणी एक मोठा किंवा दोन छोटे कुत्रे चालत. एका ठिकाणी कुत्रा चाले, पण त्यानं गवतावर उतरायचं नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं, कुत्रा गुडघ्यापेक्षा उंच नसावा. कुणाच्या गुडघ्यापेक्षा, हे लिहिलेलं नव्हतं. मृणाल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या चाचण्या करायची; मोजमाप असं वाऱ्यावर सोडलेलं तिला बघवेना. तिनं पार्काला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, की साधारण गुडघा.

शेवटी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, एका कड्यावरचं 'गल नॅब' नावाचं पार्क मिळालं. तिथला नियम स्वच्छ होता: खांद्याशी उंची सोळा इंचांच्या आत. खाली मनाई असलेल्या जातींची नावं. काही सरकारनंच बंद केलेल्या, काही पार्काच्या मालकानं स्वतःच्या विवेकानं भर घातलेल्या. आणि त्याखाली एक चौकोन: ब्रीड.

फॉर्म इंद्रजित भरत होता. त्या चौकोनापाशी तो थांबला.

"काय झालं?" मृणालनं विचारलं.

"ब्रीड म्हणजे जात."

"हो."

"मी नाही लिहिणार."

मृणालला वाटलं तो थट्टा करतोय. पण बारा वर्षांच्या संसारात तिला त्याच्या कपाळावरची ती एक शीर ओळखता येत होती. "अरे, कुत्र्याची जात," ती म्हणाली. "कुत्र्यांमध्ये ती निदान खरंच असते. दिसते."

"आपल्याबद्दलही हेच म्हणायचे ना? दिसते म्हणून?" इंद्रजित म्हणाला. "मी कुणाची जात विचारत नाही, कुणाची लिहीत नाही. कुत्री असली म्हणून काय झालं? आपल्या घरात राहते ती."

आणि त्यानं चौकोन रिकामा सोडून फॉर्म पाठवून दिला.

पुढच्या अनर्थाचं मूळ हा रिकामा चौकोन आहे. पार्काच्या बाई, मिसेस होल्रॉइड, नियमाच्या पक्क्या. त्यांनी तो चौकोन भरून घेण्यासाठी फोन केला. तो आला दुपारी. घरात गयाबाई आणि नुकतीच शाळेतून आलेली कस्तुरी. मृणालनं नंतर दोघींची जबानी वेगवेगळी घेतली, जुळवून पाहिली, आणि झालं ते असं.

कस्तुरीचा एक डोळा टीव्हीवर होता. फोनवरची बाई 'शी'बद्दल विचारत होती. पण कस्तुरीच्या मराठीत ही 'शी' म्हणजे नेमकी कोण, हे सांगायचं बरेचदा राहून जातं.

"आजी, तो समुद्रवाला बाई आहे," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "विचारते, जात काय आहे?"

गयाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी चाकू खाली ठेवला. पदर सारखा केला. सातासमुद्रापलीकडे येऊन, गोऱ्या बाईनं, आत घेण्याआधी, हे विचारावं!

"सांग तिले," त्या ताठ बसून म्हणाल्या. "आम्ही बौद्ध आहो. आम्हाले जातगीत नाही."

कस्तुरीनं इमानानं इंग्रजी केलं. आम्ही बुद्धिस्ट आहोत, आम्हाला ब्रीड नसते.

"बुद्धिस्ट?" पलीकडून आवाज आला. "अगं बाई! म्हणजे ते तिबेटचे असतात त्यातली का गं, लव्ह?"

"आजी, तिबेट का म्हणते."

"तिबेटातबी आहेत ना बौद्ध. लय चांगले लोक आहेत म्हणा."

"हो, तिबेट. खूप चांगले," कस्तुरीनं कळवलं.

"आणि उंची?"

"आजी, उंची किती?"

"असन पाच फुटाच्या आत," गयाबाई म्हणाल्या. हे ऐकून मिसेस होल्रॉइड इतक्या हसल्या म्हणे, की त्यांना फोन बाजूला धरावा लागला. यॉर्कशरच्या माणसाला असा विनोद आवडतो. अनोळखी माणूस आला तर आवाज करते का? "वेळ आली त करते." ऑपरेशन झालं आहे का? "झालं ना. दोन्ही डोळ्यांचं." अरेरे, मिसेस होल्रॉइड म्हणाल्या. बिचारी. आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी ईमेल आलं. आपली जागा पक्की झाली आहे. कुत्र्याचं नाव: पेपर. ब्रीड: तिबेटन टेरियर. उंची आल्यावर तपासली जाईल. तिच्या डोळ्यांसाठी शुभेच्छा.

सगळा उलगडा झाल्यावर मृणाल हसून हसून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. कस्तुरी रडवेली झाली होती. "पण मला वाटलं, मिरी आपल्या घरात राहतो, मग ती पण बुद्धिस्ट," ती म्हणाली. तर्कात काही चूक काढता येत नव्हती. गयाबाईही हसत होत्या. हसत नव्हता तो एकटा इंद्रजित.

"मिरीची खोटी जात लागली," तो म्हणाला.

"लागू दे ना," मृणाल म्हणाली. "जागा मिळाली."

"मृणाल, माझ्या आजोबांना लोक सांगायचे, शहरात आडनाव बदलून घे, खोली मिळेल. आजोबांनी नाही बदललं. झोपडीत राहिले. आणि मी एका कॅम्पिंगच्या जागेसाठी माझ्या घरातल्या कुणाला खोटी जात सांगून आत घुसवू?"

यावर हसता येईना. मृणालनं मिरीकडे पाहिलं. मिरी ज्या बाजूचा कान उभा होता त्या बाजूनं ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीचं काम सुरू झालं. पार्काचा फोन आता मुख्य कचेरीकडे जायचा. तिथे एक मुलगा होता, त्याच्या कॉम्प्युटरवर जातींची यादी होती आणि त्या यादीत 'माहीत नाही' हा पर्याय नव्हता. मिश्र होता, पण मिश्र निवडलं की कॉम्प्युटर लगेच विचारी, कुणाचं आणि कुणाचं? दोन्ही नावं भरल्याशिवाय तो पुढे जात नसे.

म्हणून मृणाल मिरीच्या आई-बापांच्या शोधाला लागली. खरं सांगायचं तर तिला आता स्वतःलाच कुतूहल वाटू लागलं होतं. बेवारशी प्राण्यांच्या केंद्रातल्या बाईंना मिरी आठवत होती. "आई कॉलीसारखी काहीतरी होती," त्या म्हणाल्या. "बाप कुंपणावरून आला, लव्ह, आणि कुंपणावरूनच गेला."

मग ती जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. तो तरुण स्कॉटिश माणूस; त्यानं मिरीचे दात पाहिले, शेपटी पाहिली, तिला फिरवून मागून पाहिलं आणि ठामपणे म्हणाला, "हाइन्झ."

मृणालनं आभार मानले आणि तशीच लायब्ररीत गेली. कुत्र्यांच्या जातींचा मोठा ग्रंथ काढून तिनं 'एच' अक्षर पालथं घातलं. मग जर्मनी हे प्रकरण वाचलं. मग ऑस्ट्रिया. घरी येऊन तिनं सांगितलं, की जात जर्मन आहे पण दुर्मीळ दिसते.

"आई," कस्तुरी म्हणाली, "हाइन्झ म्हणजे बीन्स."

इंग्रज माणूस सरमिसळ कुत्र्याला, डब्यावर सत्तावन्न प्रकार लिहिणाऱ्या त्या कंपनीच्या नावानं हाक मारतो, ही माहिती दहा वर्षांच्या मुलीला असते आणि जीवशास्त्रातली पदवी घेतलेल्या आईला नसते. मृणाल त्या रात्री फारशी कुणाशी बोलली नाही.

पण तो ग्रंथ तिनं परत केला नव्हता. रात्रीची भांडी झाल्यावर ती तो वाचत बसली. बहुतेक जाती काही फार जुन्या नव्हत्या. दीडशे वर्षांपूर्वी काही सद्गृहस्थ एकत्र जमले, त्यांनी एक वही उघडली, आपल्या आवडीची कुत्री त्यात लिहिली आणि वही मिटली. यापुढे ज्याचे आई-बाप दोघेही या वहीत, तोच या जातीचा. बाहेरच्याशी संबंध आला की बाद. म्हणजे लग्नाचं दार बंद केलं की जात तयार होते. मृणालनं पुस्तक हळूच उपडं ठेवलं. हे तिनं आधी वाचलेलं होतं, घरातल्याच कपाटातल्या एका पुस्तकात, आणि ते कुत्र्यांबद्दल नव्हतं. ती उठली आणि झोपलेल्या मिरीकडे बराच वेळ पाहत राहिली.

उंचीचा प्रश्न वेगळाच होता. मृणालनं भिंतीशी पट्टी लावून मिरीची उंची मोजली. सोळाच्या थोडी आत. पुन्हा मोजली, थोडी वर. गयाबाई भाकरीचा तुकडा घेऊन आल्या की मिरी वाढायची, आणि झाडू दिसला की कमी व्हायची. मोजमाप मोजणाऱ्यावर अवलंबून असतं हे मृणालला ठाऊक होतं, पण ते भाकरीवर अवलंबून असल्याचं तिनं कुठे वाचलं नव्हतं.

शेजाऱ्यांना बातमी लागली होतीच. उल्हास आणि सुप्रभा दोघंही मदतीला आले.

"यात प्रॉब्लेम काय आहे, तेच मला कळत नाहीये," उल्हास सोफ्यावर बसत म्हणाला. "तिबेटन टेरियर! अरे, लोक पेडिग्रीसाठी किती धडपडतात. तुला घरबसल्या मिळाली. गप्प राहा ना."

"मी तिला थोडं ट्रिम करून देते," सुप्रभा म्हणाली. "मी फोटो बघितलाय. डोळ्यांवर केस हवेत आणि भांग मधोमध. मिरी, ये इकडे, बाळा."

"भांगबिंग काही नको," इंद्रजित म्हणाला.

"इंद्रजित, तू पण ना!" उल्हास म्हणाला. "ते कुत्रीची जात विचारतायत, तुझी नाही विचारत आहेत."

सुप्रभानं नवऱ्याकडे असं पाहिलं की मृणाललाच त्याची दया आली. पण इंद्रजित हळूहळू हसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "माझी तू विचारलीस."

"मी? मी कधी रे?"

"गणपती किती दिवसांचा?"

उल्हासचा चेहरा आधी कोरा होता, मग कानांपासून लाल होत गेला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सॉरी यार," तो म्हणाला. "खरंच सॉरी. आमच्याकडे ती सवयच आहे. मला ते विचारणं वाटलंच नाही कधी." मग थोडं थांबून, "व्हॅनमध्ये पेट्रोल फुल करून ठेवलंय. निदान तेवढं तरी नीट केलंय ना मी?"

पेट्रोल फुल होतं. व्हॅन डिझेलवर चालणारी होती. ती टाकी उपसून घेण्यात एक अख्खा दिवस गेला, आणि सुट्टी एका दिवसानं छोटी झाली.

निघायच्या दिवसापर्यंत कॉम्प्युटरवरची मिरी तिबेटचीच राहिली. इंद्रजितनं अट घातली: फाटकावर खरं सांगायचं. नाही घेतलं तर परत फिरायचं. मृणालनं सासूबाईंकडे पाहिलं. दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. परत फिरलो तर समुद्र राहिलाच.

"खरं सांगाचं त सांगाचं," गयाबाई म्हणाल्या. पण बोलताना त्यांचा हात मिरीच्या डोक्यावर होता, आणि तो नेहमीपेक्षा जोरात फिरत होता.

व्हॅन मेतकुटाचा वास सोडत यॉर्कशरच्या टेकड्यांतून निघाली. गयाबाईंनी पांढरी सुती साडी नेसली होती, वर इंद्रजितचं जाड जॅकेट, पायांत कस्तुरीचे जुने बूट. मिरी त्यांच्या पायांशी. प्रत्येक टेकडी आली की त्या विचारत, "याच्या मांगं असन का?" आणि टेकडीमागे दुसरी टेकडी निघे. शेवटी एका वळणावर पार्काची पाटी दिसली. समुद्र अजूनही दिसत नव्हता, पार्काच्या उंच कुंपणाआड होता. फक्त वाऱ्याचा वास बदलला होता.

मिसेस होल्रॉइड फाटकावरच उभ्या होत्या. ठेंगण्या, गुबगुबीत, पावसाचं निळं जॅकेट, आणि हातात झाडूचा एक दांडा. त्यावर सोळा इंचांवर लाल चिकटपट्टी.

"आलात का, लव्ह!" त्या म्हणाल्या. यॉर्कशरमध्ये सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, याची सवय व्हायला इंद्रजितला एक वर्ष लागलं होतं. "कुठंय ती? मी वाचलंय तिबेटन टेरियरबद्दल. पूर्वी मठातले भिक्षू म्हणे ती पाळायचे. डोळे कसे आहेत तिचे आता?"

मिरी व्हॅनमधून उतरली. तिनं अंग झाडलं. एक कान उभा राहिला. तिनं दोन्ही चांगल्या डोळ्यांनी मिसेस होल्रॉइडकडे पाहिलं.

मिसेस होल्रॉइडनी दांडा उभा केला. मिरीनं झाडू ओळखला आणि ती निम्मी झाली.

"उंचीला ठीक," मिसेस होल्रॉइड म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष मिरीच्या कानाकडे होतं, मग शेपटीकडे. "पण ही..."

"तिबेटन नाही," इंद्रजित म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं. फोनवरचे डोळे आईचे होते, पाच फूट आईचे होते, बौद्धही आईच होती. आणि कुत्री कुणाची काय, हे आम्हाला माहीत नाही, कॉलीसारखी आई आणि कुंपणावरून गेलेला बाप. सांगताना त्याचा आवाज फाटकावर उभ्या असलेल्या माणसाचा नव्हता, कोर्टात उभ्या असलेल्या माणसाचा होता.

मिसेस होल्रॉइडनी सगळं ऐकून घेतलं. पाच फुटांपाशी त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. पण मग त्यांनी मान हलवली.

"खरं सांगितलंत, बरं केलंत. पण मग मला घेता येत नाही, लव्ह. उन्हाळ्यात एका पोराला कुत्रा चावला. तेव्हापासून मालकाचा नियम आहे, ज्याचं ब्रीड माहीत नाही तो आत नाही. नियम मी केलेला नाही."

हे शेवटचं वाक्य इंद्रजितनं आयुष्यात बऱ्याच तोंडांतून ऐकलं होतं. त्याची शीर वर आली.

"काय म्हणून राहिली वं?" गयाबाईंनी नातीला विचारलं.

कस्तुरी या वेळी अगदी सांभाळून बोलली. टीव्ही नव्हता. "आजी, ती म्हणते, ज्याला जात नाही त्याला आत येता येत नाही."

गयाबाईंनी एकदा कुंपणाकडे पाहिलं. एकदा मिरीकडे. आणि मग त्या हसू लागल्या. आधी गालात, मग खांदे हलवून, मग मोठ्यानं. त्यांना व्हॅनचा आधार घ्यावा लागला.

"वा वं माय!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिकडं जात होती म्हणून आत घेत नव्हते. इथं जात नाही म्हणून घेत नाहीत!"

"काय म्हणतायत?" मिसेस होल्रॉइडनी विचारलं.

कस्तुरीनंच सांगितलं, शब्दाला शब्द. मिसेस होल्रॉइडनी हातातल्या झाडूच्या दांड्याकडे पाहिलं.

"हा येडपटपणा आहे," त्या म्हणाल्या.

"कुठला?" इंद्रजितनं विचारलं. "तिथला की इथला?"

"दोन्ही," मिसेस होल्रॉइड म्हणाल्या.

तरीही नियम त्यांना मोडता येईना. त्यांनी मोडला असता तर मृणालला कदाचित थोडं वाईटही वाटलं असतं. त्यांनी दांडा कुंपणाला टेकून ठेवला आणि बोट केलं. कुंपणाच्या बाहेरून, काटेरी झुडपांमधून एक पायवाट खाली जात होती. "ती पार्काची नाही," त्या म्हणाल्या. "सार्वजनिक वाट आहे. कुणीही जाऊ शकतं, कुत्र्यासकट. आणि रात्री राहायला पलीकडे माझ्या भावाचं शेत आहे. तो गाड्या उभ्या करू देतो. मी फोन करते."

भाऊ बहिणीसारखाच ठेंगणा होता. व्हॅनपाशी आला, मिरीला पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"मेंढ्यांच्या मागं लागते का?"

"नाही," मृणाल म्हणाली.

"मग ठीक." आणि तो निघून गेला.

मृणाल त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली. इतके फॉर्म, इतकी पुस्तकं, तो डॉक्टर, तो कॉम्प्युटर, आणि मिरी काय करते हे विचारणारा भेटला तो आत्ता.

पायवाट उतरताना गयाबाईंनी एका हातानं मृणालचा दंड धरला होता आणि दुसऱ्यात मिरीचा पट्टा. शेवटचं झुडूप बाजूला झालं.

समोर समुद्र होता. गयाबाई पट्टा धरून जागीच थांबल्या. मृणालला वाटलं, राखाडी रंग पाहून त्यांचा विरस झाला असेल. उत्तर समुद्र काही चित्रातल्यासारखा निळा नसतो. मग त्या म्हणाल्या, "याले पल्याड काही नाहीच का?"

"आहे, आई. डेन्मार्क."

"ते दिसत नाही ना. मंग नाही."

त्यांनी बूट काढले, साडी वर खोचली आणि थेट पाण्यात गेल्या. थंडीनं एकदा मोठ्यानं श्वास घेतला, पण मागे फिरल्या नाहीत. मिरीनं लाटेवर भुंकून पाहिलं, लाट मागे गेली तसा तिचा आत्मविश्वास वाढला, आणि पुढच्या लाटेनं ती पोटापर्यंत भिजली. गयाबाई वाकल्या आणि त्यांनी ओंजळ भरून घेतली.

इंद्रजितनं घसा खाकरला. पाणी, ओंजळ आणि त्यात वाकलेली आपली आई, हे पाहिल्यावर त्याला महाडच्या तळ्याबद्दल बोलल्यावाचून राहवणार नव्हतं.

"इंदर," गयाबाई मागे न बघता म्हणाल्या, "भाषण नको. पाहू दे."

त्यांनी ओंजळीतलं थोडं पाणी जिभेला लावलं. तोंड वेडंवाकडं केलं.

"मृणाल, हे असंच खारट असते का वं?"

"साधारण असंच, आई. लिटरला पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं. नद्यांच्या तोंडाशी थोडं कमी..."

"तसं नाही. साऱ्यायले एवढंच खारट लागते का?"

"हो, आई. सगळ्यांना सारखंच."

"मंग बरं आहे," गयाबाई म्हणाल्या, आणि उरलेली ओंजळ त्यांनी मिरीपुढे धरली. मिरीनं एकदा जीभ लावली, शिंकली, आणि दोन्ही कान उभे करून समुद्राकडे पाहू लागली.